गजराजाच्या फाटकापर्यंतची वाट



गेल्या अशोक विजयादशमीला आम्ही यवतमाळहून एसटीने नागपूरला निघालो होतो. पाटीपुऱ्यातली आठ-दहा घरे, डबे-पिशव्या, पांढरी लुगडी आणि लेकराबाळांचा गलका. कळंब गेले, देवळी गेली, वर्धा मागे पडली. बुटीबोरी ओलांडून गाडी खापरीजवळ आली, तोच डोक्यावरून मोठा आवाज झाला. राखी रंगाचे एक अवाढव्य विमान चाके खाली सोडून आमच्या गाडीवरूनच सोनेगावकडे उतरले. सगळी गाडी खिडक्यांशी गोळा झाली.

माझा नातू आठ वर्षांचा. त्याने विचारले, “आजी, येवढं मोठ्ठं ईमान कोनाचं होय?”

माझ्या आधी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी बोलल्या, “मिलिटरीचं हाय बावा.”

“मंग आपल्याले त्याच्यात बसू देतीन काय?”

मावशी हसल्या. “आपल्याले कोन बसू देते बाप्पा! आपून भाइरूनच पाहाचं.”

पोराने नाक पुन्हा काचेला लावले. पण मावशींचे ते “आपून भाइरूनच पाहाचं” माझ्या मनातून दीक्षाभूमीपर्यंत गेले नाही. पाच मिनिटांनी डाव्या हाताला विमानतळाची पाटी आली. तिच्यावर मोठ्या अक्षरात बाबासाहेबांचे नाव. ज्या विमानतळाला आपल्या बापाचे नाव, त्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून आपण फक्त पाहायचे? म्हणून आज या तळाविषयी लिहिते. तो काय आहे, आपल्याशी त्याचे काय नाते आहे, आणि त्याच्या फाटकातून आपले लेकरू आत जायचे तर वाट कोणती.

सोनेगावची धावपट्टी फार जुनी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लष्करी विमानांचा तो मुक्कामाचा तळ होता. देशाच्या अगदी मध्यावर असल्यामुळे इथून चारी दिशा सारख्याच जवळ. स्वातंत्र्यानंतर याच सोयीचा फायदा टपालखात्याने घेतला. जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री टपालाची विमाने निघत. मध्यरात्री ती सोनेगावला जमत, पोत्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. ही रात्रीची टपालसेवा १९७३ पर्यंत चालली. कित्येक घरांची सुखदुःखाची पत्रे अशी सोनेगावच्या अंधारात एका विमानातून दुसऱ्या विमानात गेली असतील.

याच नागपुरात हवाई दलाच्या अनुरक्षण कमानीचे मुख्यालय आहे. वायुसेना नगर म्हणतात तो भाग. विमानांची दुरुस्ती, सुटे भाग, कोठारे यांचा देशभरचा कारभार ही कमान पाहते. सोनेगावला २००३ साली हवाई दलाने आपली ४४ वी विंग उभी केली आणि आयएल-७६ ही मालवाहू विमाने इथून उडू लागली. दोन वर्षांनी, २००५ साली, विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले. म्हणजे एकाच धावपट्टीवरून प्रवाशांचीही विमाने उडतात आणि लष्कराचीही.

या आयएल-७६ ला हवाई दलात ‘गजराज’ म्हणतात. नाव शोभते. लांबी सुमारे ४६ मीटर, पंख्यांचा पसारा ५० मीटर, चार इंजिने आणि खाली वीस चाके. आपली एसटी गाडी साधारण ११ मीटरची धरली, तर चार गाड्या एकामागे एक लावल्या तरी हे विमान त्यांच्याहून लांब भरेल. त्याची शेपटीकडची बाजू खाली उघडते आणि उतरंडीसारखी जमिनीला टेकते. त्या उतरंडीवरून ट्रक, जीप, तोफ सरळ आत चढते. एका खेपेला चाळीस टनांच्या वर माल. १९८५ पासून ही विमाने आपल्या हवाई दलात आहेत.

लढाऊ विमान सगळ्यांना ठाऊक असते. मालवाहू विमानाचे नाव कोणी घेत नाही. घरातल्या बाईसारखेच त्याचे आहे. ताट समोर आले की जेवणारा दिसतो, पाणी भरणारी दिसत नाही. पण सैन्याला पीठ, औषध, रॉकेल, लोकरीचे कपडे पोचले नाहीत तर बंदूक काय करणार? ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगर वाचले ते डाकोटा विमानांतून वेळेत जवान उतरले म्हणून. मे १९४८ मध्ये मेहरसिंग या वैमानिकाने लेहला नदीकाठच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरवले, तेव्हा तिथे धड विमानतळही नव्हता. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचे सरकार भाडोत्री हल्लेखोरांच्या तावडीत सापडले, तेव्हा आग्ऱ्याहून गजराज विमानांनी एका रात्रीत आपले छत्रीधारी सैनिक तिथे नेले.

पण मालवाहू विमानाचे काम युद्धापुरतेच नसते. परदेशातली एक गोष्ट सांगते. १९४८ साली जर्मनीतल्या पश्चिम बर्लिन शहराचे रस्ते आणि रेल्वे रशियाने अडवली. वीस लाखांवर माणसे कोंडली गेली. तेव्हा इंग्रज-अमेरिकेच्या मालवाहू विमानांनी वर्षाहून अधिक काळ त्या शहराला पीठ, दूध, औषधे आणि कोळसा पुरवला. एकूण भार २० लाख टनांहून जास्त. धावपट्ट्या पुरेनात, म्हणून टेगेल इथे नवी धावपट्टी बांधायची ठरली. ती बांधली बर्लिनच्याच लोकांनी, पडक्या घरांच्या विटा फोडून, रात्रंदिवस, सुमारे ९० दिवसांत. त्या मजुरांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. डोक्यावरून जाणारे विमान आपल्यासाठी पीठ आणते हे कळले, की माणूस त्याच्यासाठी गिट्टीही फोडतो. तळ आणि गाव यांचे नाते असे जुळते.

आपल्याकडे हे नाते कुठे जुळते? फार मागे जायला नको. एप्रिल २०२१ आठवा. कोरोनाची दुसरी लाट. नागपूरच्या दवाखान्यांत खाटा नाहीत, यवतमाळहून रुग्ण घेऊन गेलेल्या गाड्या दारोदार फिरत होत्या, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, ऑक्सिजन. त्या दिवसांत हवाई दलाच्या मालवाहू विमानांनी नागपूरहून ऑक्सिजनचे रिकामे टँकर उचलून ओडिशात भुवनेश्वरला नेले. तिथून ते अंगुलच्या पोलाद कारखान्याकडे भरायला गेले.

तेव्हा पुष्कळांनी विचारले, रिकामे टँकर कशाला उडवता, भरलेले आणा ना! कारण समजून घ्या. टँकरमधला ऑक्सिजन पातळ असतो आणि उणे १८३ अंशाइतका थंड ठेवावा लागतो. जरा ऊब लागली की त्याची वाफ होते आणि ती सोडून द्यावी लागते. बंद विमानात असा शुद्ध ऑक्सिजन सुटला तर एका ठिणगीने सगळे पेटेल. म्हणून भरलेला टँकर जमिनीवरूनच, रेल्वेने किंवा रस्त्याने येतो. पण जाताना हजार किलोमीटरचा रिकामा प्रवास विमानाने काही तासांत झाला, की जाण्याचे एक-दोन दिवस वाचतात. त्या एप्रिलमध्ये एक दिवस म्हणजे किती जीव, हे ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांनाच विचारा.

दुसरी आठवण आपल्याच जिल्ह्यातली. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात आभाळ फाटले. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला आणि माणसे अडकली. तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवण्यात आली, बोटी घेऊन पथके पाण्यात उतरली आणि अडकलेली माणसे सुखरूप निघाली. बंजारा तांड्यावरच्या बाईला कमान काय, विंग काय, हे ठाऊक असायचे कारण नाही. पण आपल्यासाठी कोणीतरी येणार आहे, एवढी आशा तिला त्या रात्री पुरली असेल.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. नुसते गोडवे गायले तर तो लेख नव्हे, पत्रक झाले. धावपट्टी हवेत नसते, ती कोणाच्या तरी शेतावर असते. सोनेगाव विमानतळाच्या भोवती मिहान प्रकल्प आला. त्यासाठी शिवणगाव, खापरी, चिचभुवन, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, जयताळा या गावांच्या जमिनी गेल्या. मोबदला, पुनर्वसन आणि नोकऱ्या यांसाठी शिवणगावच्या लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. हवाई दलाच्या ताब्यातल्या अडीचशे हेक्टरांहून अधिक जमिनीची मिहानच्या जमिनीशी अदलाबदल करायची, हा व्यवहारही कागदोपत्री वर्षामागून वर्षे रेंगाळला. सरकारच्या दोन खात्यांचे हे हाल, मग सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतमजुराचे काय? जमीन जाते तेव्हा मालकाला कमी का होईना मोबदला मिळतो. त्या जमिनीवर निंदायला जाणारी बाई मात्र कोणत्याच यादीत नसते. तिची मजुरी बुडते आणि तिची नोंद कुठेच होत नाही. आपल्यातली बहुतेक माणसे या दुसऱ्या रांगेतली. म्हणून जिथे जिथे प्रकल्प येईल तिथे पहिल्या दिवसापासून विचारा, की मजुरांची यादी कोण करणार? हा प्रश्न विचारण्यात देशद्रोह नाही.

मग अशा तळाकडून आपण काय घ्यायचे? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

आपल्या समाजात विद्येचा पहिला दिवा कुठे लागला? गावात नव्हे, छावणीत. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी सुभेदार होते आणि महूच्या छावणीत फौजी शाळेत शिकवत. पलटणीतल्या शिपायांच्या लेकरांना, मुलींनासुद्धा, शिकावे लागे. गावच्या विहिरीला शिवू न देणाऱ्या काळात छावणीने अक्षर दिले. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले तेही महूच्या छावणीतच. पण पुढे दोन वर्षांच्या आत इंग्रजांनी महारांची फौजभरती बंद केली. एक दार बंद झाले आणि हजारो घरांचा पगार, पेन्शन, शाळा सगळे गेले. बाबासाहेबांनी ते दार पुन्हा ठोठावले. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

छावणीचे दार म्हणजे नुसती बंदूक नव्हे. त्याच्या मागे शाळा, दवाखाना, वेळेवर पगार आणि ताठ मान येते, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. आजची छावणी म्हणजे हा हवाई तळ. फरक एवढाच, की त्या छावणीत दणकट खांदे लागत. या छावणीत गणित लागते.

आता कामाचे बोलू. आयांनी हा भाग दोनदा वाचावा, नाहीतर पोराकडून वाचून घ्यावा.

हवाई दलात शिपाई म्हणून जायची वाट २०२२ पासून अग्निवीर योजनेतून जाते. वय साडेसतरा ते एकवीसच्या आत. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी असावे आणि एकूण ५० टक्के, शिवाय इंग्रजीतही ५० टक्के गुण हवेत. तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविकाही चालते. विज्ञान नसलेल्या बारावीच्या मुलांसाठीही वेगळी परीक्षा असते, पण इंग्रजीची अट तिथेही सुटत नाही. मुलीही अर्ज करू शकतात. पण हेही लक्षात ठेवा, की नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलेच कायम होतात. बाकीची सुमारे दहा लाखांची रक्कम घेऊन घरी येतात, पेन्शन नाही. म्हणून पोर भरती झाले की पेढे जरूर वाटा, पण त्याच दिवशी त्याला सांगा की चार वर्षांत पुढची पदवी पुरी कर आणि ती रक्कम लग्नाच्या मांडवात घालू नकोस.

अधिकारी व्हायचे तर बारावीनंतर एनडीएची परीक्षा, किंवा पदवीनंतर हवाई दलाची स्वतंत्र परीक्षा. एनडीएत २०२२ पासून मुलींची पहिली तुकडी गेली. मुली विमान चालवतात काय, असे म्हणणाऱ्यांना सांगा, नव्वदच्या दशकापासून मुली हवाई दलाची मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे चालवत आहेत. २०१६ पासून लढाऊ विमानेही.

तिसरी वाट वर्दी नसलेली. तळ चालवायला आचारी, सुतार, वाहनचालक, कारकून, सफाई आणि इतर कामाची माणसे लागतात. या असैनिक जागा काही दहावीवर, काही बारावीवर निघतात. त्यांच्या जाहिराती ‘रोजगार समाचार’मध्ये येतात. वर्दीच्या भरतीत जातीचे आरक्षण नसते, पण या असैनिक जागांना असते आणि वयातही पाच वर्षांची सूट मिळते.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझा भाचा दहावी झाला, सुतारकामात आयटीआय केले. एका केंद्रीय कार्यालयाच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास झाला, हाताच्या कामातही पास झाला. घरात आनंद. कागद तपासायच्या दिवशी त्याच्याजवळ जातीचा दाखला होता, पण तो राज्याच्या नमुन्यातला. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. त्या मिळवायला आपल्या माणसांनी किती वर्षे लढा दिला, आणि आम्ही एका कागदाचा नमुना पाहिला नाही! मुदत संपली, जागा गेली. पुढच्या जाहिरातीपर्यंत त्याचे वय निघून गेले. आज तो दुसऱ्याच्या दुकानात पलंग ठोकतो. कारागीर चांगला आहे, पण त्याची आई अजून तो दाखला पिशवीतून काढून पाहते. जाहिरात मराठीतून वाचून न घेण्याची चूक आमचीच होती. ती तुमची होऊ नये म्हणून सांगितले. दहावीचा निकाल लागताच तहसीलमधून दोन्ही नमुन्यांचे दाखले काढून ठेवा. आणि “साहेबाशी ओळख आहे, दोन लाख द्या” म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. भरतीच्या परीक्षेला पैसे देऊन कोणी आत जात नाही, शेत विकून बाहेर मात्र पुष्कळ येतात.

आणखी एक. आपल्या यवतमाळलाही भारी गावाजवळ धावपट्टी आहे. २००९ साली ती एका खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेली. विमानसेवेची स्वप्ने दाखवली गेली, प्रत्यक्षात पुढाऱ्यांच्या येण्याजाण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. धावपट्टी बांधली म्हणून आपोआप गाव उडत नाही. तिच्यावर काम करणारी माणसे गावातून तयार व्हावी लागतात. गणिताचा मास्तर नसलेल्या शाळेच्या गावात विमानतळ आला, तर त्या गावाच्या वाट्याला फक्त आवाज येतो. म्हणून ग्रामसभेत रस्त्याचा प्रश्न विचारता तसाच विचारा, आमच्या शाळेत गणित-विज्ञानाचा मास्तर कधी येणार?

परतीच्या गाडीत नातू माझ्या मांडीवर झोपला होता. खापरीच्या जवळ त्याला जाग आली. त्याने पुन्हा आभाळाकडे पाहिले, विमान नव्हते. मी त्याला म्हटले, “सकाळी विचारत होता ना, आपल्याले बसू देतीन काय? देतीन. पन त्याचं तिकीट सतराचा पाढा हाय.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अर्धवट झोपेतच सुरू झाला, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... एक्कावन्नपाशी अडला. पुढच्या बाकावरून त्या म्हाताऱ्या मावशी मागे वळल्या. कधी शाळेत न गेलेल्या, पण चाळीस वर्षे भाजीच्या टोपलीवर हिशेब केलेल्या. म्हणाल्या, “अडुसष्ट रे बावा. मन पुढं.”

आणि गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत दोघांनी मिळून तो पाढा पुरा केला.